जळकोटच्या गिरणीतलं पितळी कुसळ

भोक पाडायला अक्कल लागत नाही. ड्रिल फिरवलं, दाबलं, पडलं भोक. माझा सगळा जन्म लेथ आणि ड्रिलसमोर उभं राहण्यात गेला, म्हणून हे मी हक्कानं सांगतो. अक्कल लागते ती भोक पाडून झाल्यावर. ड्रिल पलीकडं बाहेर पडतं ना, तेव्हा शेवटचा पातळ पापुद्रा ते कापत नाही, नुसतं पुढं ढकलतं. तो पापुद्रा भोकाच्या काठाला चिकटून उभा राहतो. मोठ्या कारखान्यांत त्याला बर म्हणतात. आमच्या तुळजापूरच्या वर्कशॉपात आम्ही कुसळ म्हणायचो. गवताच्या भाऱ्यात ज्यानं हात घातलाय त्याला हा शब्द समजावून सांगायला नको.

बाहेरच्या बाजूचं कुसळ गरीब असतं. कानशीचे दोन हात मारले की गेलं. खरी डोकेदुखी होते ती एक भोक दुसऱ्या भोकाला आत जाऊन मिळतं आणि त्या दुसऱ्या भोकात आटे पाडलेले असतात तेव्हा. आटे म्हणजे स्क्रू फिरवून बसवण्यासाठी कोरलेली वळणं. घरातल्या बरणीचं झाकण काढून आतनं बघा, तेच. अशा वळणांच्या मधोमध कुशीतून ड्रिल शिरलं की प्रत्येक वळणाची धार तुटते आणि तुटल्या जागी कुसळं उभी राहतात. तिथं कानस पोचत नाही, बोट पोचत नाही, नजर पोचते तीही अर्धीच. या एवढ्याशा जागेपायी मी जन्मभर लोकांशी भांडत आलो. आमची मंडळी म्हणते, "तुमी भाकरीची सुदिक कड चाचपून मग तोडता." तोडतो बुवा. काय करणार?

आता पुतण्याच्या कारखान्यात गेलो की तो मला काचेपलीकडचं मशीन दाखवतो. आपोआप भोक, आपोआप आटे, फसाफसा पाणी. मी विचारतो, "आतलं कुसळ कोण बघतं?" तो म्हणतो, "काका, त्याला ब्रश असतो." असू दे. ब्रश चांगलाच आहे. पण ब्रश फिरल्यावर बघतं कोण, याचं उत्तर त्यानं अजून दिलेलं नाही आणि माझं डोकं तसं लवकर तापतं, म्हणून मी चहा पिऊन गप घरी येतो.

मी मूळचा तामलवाडीचा, सुताराच्या घरचा. लाकडातून लोखंडात आलो तो उस्ताद दस्तगीरसाबांमुळं. निजामी गेली, पुढं राज्यं बदलली, पाट्या बदलल्या, पण दस्तगीरसाबांच्या शेडवरचा पत्रा तोच राहिला. हैदराबादेत काम शिकून आलेला माणूस. गोरा, उंच, डोक्याला रुमाल, कानात अत्तराचा फाया. शेडमध्ये क्रूड ऑईलचा वास इतका, की त्यात अत्तर काय कामाचं? पण तो फाया रोज बदलला जायचा. बोलणं त्यांचं दख्खनी, आमचं मराठी, आणि कामाच्या वेळी दोघांचंही बोलणं शिव्यांचं. विहिरीवरची इंजिनं, पिठाच्या गिरण्या, उसाचे चरक, जे मोडेल ते आमच्याकडं यायचं.

गिऱ्हाईकं एकेक नमुना. वाशीकडचा एक शेतकरी पोळ्याच्या आधी आला. म्हणाला, बैलाच्या शिंगाच्या पितळी शेंब्या आट्याच्या करून द्या, पोळा झाला की फिरवून काढून ठेवीन, चोरी नको. आम्ही हसलो, पण करून दिल्या. काढघाल करताना खिळा अडकवून फिरवता यावं म्हणून कुशीत एक भोकही पाडलं. पोळा झाल्यावर गडी तणतणत हजर. "बैल मान झाडतंय, टोचतंय त्याला!" मी म्हणालो, बैलानं सांगितलं व्हय तुम्हाला? त्यानं शेंबी माझ्याच बोटावर चढवून गरकन फिरवली. रक्त आलं. आतल्या आट्यांत कुसळ होतं. दस्तगीरसाब पोट धरून हसले आणि म्हणाले, "देख मारुती, बैल तेरे से होशियार है." पुढं जळकोटच्या गिरणीचं प्रकरण आलं तेव्हा मात्र कुणालाच हसू आलं नाही.

जळकोटला हमरस्त्याच्या कडेला एक पिठाची गिरणी होती. लिंगायत घर, कानडी-मराठी दोन्ही बोलणारं. गिरणी चालवणारा नवरा तापानं गेला आणि त्याची बायको नागम्मा इंजिनापाशी उभी राहिली. पस्तिशीची असेल. नवऱ्याच्या हयातीत ती पीठ धरायची, वजन करायची. आता पट्टा चढवायला आणि हँडल मारायलाही शिकली. गावातल्या बायकांना बरंच वाटलं. गिरणीत बाई असली की पदर सावरत कोपऱ्यात उभं राहावं लागत नाही. पण तिच्या दिराला, शिवाप्पाला, ते पटत नव्हतं. तो काही दुष्ट माणूस नव्हता. दुकान होतं त्याचं, व्यवहारी होता. त्याचं म्हणणं एकच. इंजिन म्हणजे काय जातं आहे का? उद्या हात अडकला, काही झालं, तर लोकांचं बोट आमच्याकडं. इंजिन विकून टाका, वैनींनी घरात बसावं, पोरांचं आम्ही बघू.

नागम्माला घरात बसायचं नव्हतं. शेवटी गोष्ट मठातल्या स्वामींपुढं गेली. लोक त्यांना अय्या म्हणायचे. अय्यांनी सांगितलं, इंजिन धड चालतंय तोवर विकायचं कशाला? दिवाळीचं दळण होऊ द्या. धनतेरशीला मी स्वतः येऊन बघतो. गिरणी नीट चालली तर नागम्माकडं राहील, अडून बसली तर शिवाप्पा म्हणतोय तसं करा.

आणि नेमकी तेव्हाच गिरणी अडायला लागली. कारण होतं आमच्या हातचं काम.

डिझेलच्या टाकीखाली एक पितळी सांधा असतो. मुठीत मावेल एवढा. त्याच्या मोठ्या तोंडात आटे, तिथं टाकीची नळी फिरवून बसवायची. कुशीला बारीक भोक आणि त्यावर चोच, तिथून तेल इंजिनाकडं जायचं. तिचा जुना सांधा चिरला म्हणून दस्तगीरसाबांनी स्वतः नवा करून दिला होता. झकास दिसत होता. बसवला, इंजिन चाललं. थोड्या दिवसांनी खोकायला लागलं आणि बंद पडलं.

नागम्मा सांधा फडक्यात बांधून एसटीनं तुळजापूरला आली. दस्तगीरसाबांनी तो हातात घेतला, चोच ओठात धरली आणि फुंकर मारली. फुर्र करून हवा मोठ्या तोंडातून बाहेर. "माल साफ है, बाई. तेल गाळके डालो." ती गेली. सांधा बसवला, इंजिन चाललं. परत काही दिवसांनी बंद. परत एसटी, परत फडकं, परत फुंकर, परत फुर्र. सगळ्या वर्कशॉपांत असंच तपासतात. भोक मोकळं आहे का, मार फुंकर. चोचीतूनच मारायची, कारण ती ओठांत नीट बसते. आट्यांच्या तोंडाला ओठ लावला तर ओठ कापतो, म्हणून तिकडून कुणी फुंकत नाही. मीही कधी फुंकलं नव्हतं.

तिसऱ्यांदा ती आली ती दिवाळीचं दळण तोंडावर आल्यावर. फडकं तिनं लेथच्या पट्टीवर आपटलं. "तुमी फुकता आनि म्या घरी नेती. तुमच्या फुकण्यावर माझी गिरणी चालती का? धनतेरस आली की हो! अय्या येऊन बघणार, आनि इंजिन मेल्यागत पडल्यालं!"

दस्तगीरसाबांचं तोंड उतरलं. त्यांच्या हातच्या कामाला असं कुणी बोललं नव्हतं. पण बाईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते पुसतही नव्हती. ते मला म्हणाले, "मारुती, बाई के साथ जा. इंजन को बोलने दे. वो क्या बोलता सुन के आ."

गेलो. एसटीत ती एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. जळकोटला उतरलो तर गिरणीपुढं बायकांच्या पाट्या रांगेनं लावलेल्या. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, भाजण्या. शिवाप्पा पान चघळत लिंबाखाली बाजेवर. मला बघून म्हणाला, "या इंजिनेर. बघा, जीव हाय का त्यात." मी टाकी धुतली, तेल कपड्यातून दोनदा गाळलं, पंप उघडला, जाळी साफ केली. लाज सोडून सांगतो, मला कुठं काही सापडलं नाही. सांधा मी नेहमीसारखा चोचीतून फुंकून बसवला. हँडल मारलं. इंजिन एका दमात सुरू. बायका हसल्या, नागम्मानं पट्टा चढवला, पीठ पडायला लागलं.

दुपार झाली आणि आवाज बदलला. टुक, टुक, टुक, मग मध्येच गप. परत टुक. काळा धूर, मग पांढरा, आणि इंजिन थांबलं. रांगेतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. लिंबाखालनं शिवाप्पा मोठ्यानं म्हणाला, "घ्या. दिवाळी झाली."

मी चोचीची नळी सोडवून बघितलं. तेल नुसतं ठिबकत होतं, आणि टाकी तर भरलेली. म्हणजे अडथळा सांध्यातच. मी टाकीचा कॉक बंद केला, सांधा काढला आणि सवयीनं चोच ओठाला लावली. तेवढ्यात नागम्मानं माझं मनगट धरलं. धरलं म्हणजे आवळलंच.

"थांबा!" ती म्हणाली. "फुकू नका."

"का हो बाई? मोकळं करतो ना."

"त्येच म्हंती म्या. दरखेपी तुमी फुकता, आनि दरखेपी ते बरं होतंय. मंग बसवलं की परत आजारी. आज न फुकता बघा की आत काय हाय त्ये!"

तुम्हाला खरं सांगू? मला राग आला. भर रांगेत एक बाई मला माझं काम शिकवते म्हणजे काय! पण मनगट तिनं सोडलं नव्हतं आणि तिचं बोलणं खोटंही नव्हतं. मी चोच तोंडातून काढली.

आत अंधार. नागम्मानं घरातून आरसा आणवला, उन्हात धरला आणि कवडसा मोठ्या तोंडात टाकला. मी डोळा लावला. आट्यांच्या मधोमध, जिथं कुशीतलं भोक येऊन मिळतं तिथं, पितळेचा एक पापुद्रा भोकावर पडला होता. माशाचा खवला असावा तसा. एका कडेनं चिकटलेला, बाकी तीन कडा मोकळ्या. मी चोचीतून सुई घातली आणि हळूच ढकललं. खवला दारासारखा उघडला. सुई काढली, सांधा हलवला. खवला परत बंद.

अरे देवा! मी खाली मातीतच बसलो. तेल यायचं टाकीकडून, म्हणजे मोठ्या तोंडातून, आणि ते त्या खवल्याला भोकावर लोटायचं. इंजिनाच्या हादऱ्यानं तो जरा जरा करत पुरता मिटायचा. आणि आम्ही शहाणे फुंकायचो चोचीतून, उलट्या बाजूनं, म्हणजे दार उघडायचो आणि म्हणायचो, माल साफ आहे! दर दुरुस्तीला आम्ही ते तेवढ्यापुरतं उघडून द्यायचो.

मी नागम्माला दाखवलं. तिनं सुई घालून स्वतः दोनदा उघडबंद करून बघितलं. "अय्य शिवा!" म्हणाली, "एवढंसं? एवढ्यापायी माझी गिरणी जायची व्हय!" मग रांगेतल्या बायका एकेक करून बघून गेल्या. शेवटी शिवाप्पाही बाजेवरून उठून आला, एक डोळा मिटून आत बघितलं आणि परत जाऊन बसला.

मी म्हणालो, "बाई, हा खवला मी आत्ता सुईनं मोडून काढतो. इंजिन चालू होईल."

"चालंल म्हंजी किती?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. पण खवला मोडला तरी प्रत्येक आट्याच्या तुटक्या धारेला बारकी कुसळं होतीच. त्यातलं एखादं सुटून पंपात गेलं, तर सांध्याचा खर्च परवडला पण पंपाचा नको अशी गत. मी म्हणालो, "सांगता येत नाही. चार दिवस चालेल, नाहीतर महिनाभर. खात्री पाहिजे असेल तर नवा करावा लागेल. तोवर बंद."

दारात एवढी रांग, आणि बंद. नागम्मानं पाट्यांकडं बघितलं, मग पट्टा उतरवला.

"बंद पडली की!" शिवाप्पा म्हणाला.

"बंद पडली न्हाय, भावजी," ती म्हणाली. "म्या बंद केली."

आणि बायकांना म्हणाली, नावं सांगून पाट्या इथंच ठेवा, कुणाच्या पाटीला हात लागणार न्हाय. एकही बाई पाटी उचलून दुसऱ्या गिरणीकडं गेली नाही. मी सांधा फडक्यात बांधून घेतला. खवला तसाच ठेवला. उस्तादांना दाखवायचा होता.

तुळजापूरला पोचल्यावर मी दस्तगीरसाबांना एवढंच म्हणालो, "उस्ताद, मोठ्या तोंडाकडून फुंका."

"कायकू?"

"फुंका तर."

त्यांनी आट्यांचं तोंड ओठांना लावलं आणि फुंकर मारली. गाल फुगले, मान लाल झाली, हवा काही गेली नाही. सांधा खाली घेतला तेव्हा ओठाला रक्त होतं. मी त्यांना खवल्याचं सगळं सांगितलं, बाईनं मनगट धरलं तेही सांगितलं. मला वाटलं, भडकतील. त्यांनी लेथ थांबवून शेड बंद केली आणि ओठ पुसत म्हणाले, "इत्ते साल मैं उल्टी तरफ से फूंक्या, मारुती. ऐसे कित्ते जोड मेरे हाथ से गए होंगे?" मग त्यांनी काय केलं असेल? एसटीच्या कंडक्टरांना गाठून सांगावा धाडला. नळदुर्ग, जळकोट, वाशी, ज्याच्या ज्याच्याकडं आमचा सांधा असेल त्यानं तो परत आणावा, तपासून मिळेल. मी म्हणालो, "उस्ताद, लोक नावं ठेवतील." ते म्हणाले, "रखने दे. नाम रखना उनका, काम सुधारना मेरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या सांध्याला हात घातला. बाहेरच्यांना वाटेल, त्यात काय एवढं? आधी कुशीतलं भोक पाडा, मग आटे पाडा, म्हणजे आटे पाडताना कुसळ कापलं जाईल. पण आटे पाडायचं जे हत्यार असतं, ज्याला टॅप म्हणतात, ते त्या भोकाच्या कडेला अडतं आणि कट्कन तुटतं. त्या मापाचा टॅप आमच्याकडं एकच, तोही हैदराबादेहून आणलेला, उस्ताद तो मखमलीत ठेवायचे. म्हणून आजवर ते आटे आधी आणि भोक नंतर, या क्रमानं चालले होते. आता म्हणाले, भोक नंतरच पाडू, पण त्यावरून टॅप हातानं पुन्हा एकदा फिरवू. चिमटीनं, वळण वळण मोजत फिरवला. टॅप वाचला. पण कुसळ आट्यांतून निघून कुशीच्या भोकात जाऊन वाकलं. परत ड्रिल घातलं, तर ते आट्यांत परत. इकडून हाकललं की तिकडं, तिकडून हाकललं की इकडं. मी वैतागून म्हणालो, "हे भूत आहे!"

मग दुसरी युक्ती. आट्यांत पितळेचा स्क्रू घट्ट बसवला आणि तो आत असतानाच भोक पाडलं, म्हणजे पापुद्र्याला ढकलायला जागाच उरू नये. भोक सुंदर पडलं, पण स्क्रू कुसळांत असा जखडला की त्याचं डोकंच पिळवटून हातात आलं. सांधा गेला भंगारात. दस्तगीरसाब हैदराबादी शिव्या देत होते, मी तामलवाडीच्या.

शेवटी उपाय सापडला तो चहा पिताना, आणि तो कुणाचा हे आम्ही दोघंही शेवटपर्यंत भांडत होतो. माझं म्हणणं माझा. जिथं भोक येऊन मिळणार, तिथं आटे ठेवायचेच कशाला? आधी लेथवर आतून तेवढ्या जागेत एक गुळगुळीत खाच घ्यायची. टाकीची नळी तिथवर पोचतच नाही, त्यामुळं तिथल्या आट्यांचा तसाही उपयोग नव्हता. मग भोक त्या खाचेत पाडायचं, धारच नाही तर तुटणार काय? ड्रिल नव्यानं धार लावलेलं, आणि शेवटी बाहेर पडताना अगदी हळू, श्वास धरून. तरी बारीकशी कड उरते. ती काढायला मी मोडक्या छत्रीची काडी घासून वाकडं नख केलं. मोठ्या तोंडातून आत घालायचं आणि भोकाच्या काठावरून फिरवायचं.

"साफ हुआ?" उस्तादांनी विचारलं.

"झालं असावं."

"असावं नक्को." त्यांनी कानातला अत्तराचा फाया काढला, तारेला पिळून गुंडाळला आणि चोचीतून मोठ्या तोंडाकडं ओढून घेतला. भिंगानं बघितलं. काठाला कापसाचा एक तंतू अडकून राहिला होता. म्हणजे अजून कुसळ आहे. मी परत नख फिरवलं. परत फाया. परत तंतू, पण बारका. असं चाललं ते थेट एकही तंतू अडकेनासा होईपर्यंत. मग त्यांनी चोचीतून फुंकलं, आणि कापलेला ओठ सांभाळत मोठ्या तोंडातूनही फुंकलं. दोन्हीकडून फुर्र. त्या दिवसापासून आमच्या शेडमध्ये एका बाजूनं फुंकलेला माल बाहेर गेला नाही.

सांधा घेऊन दस्तगीरसाब स्वतः जळकोटला आले, शेरवानी घालून. नागम्मानं तो हातात घेतला, उन्हात धरून आत बघितलं, मग नाकाशी नेला. "अत्तराचा वास कसा येतोय ह्याला?" उस्ताद लाजले. मी कधी त्यांना लाजताना बघितलं नव्हतं. "बाई," ते म्हणाले, "गलती हमारीच थी. तुम इसका हाथ नहीं पकडते, तो ये मारुती आज भी फूंकताच रहता." सांधा मी नाही बसवला. नागम्मानंच बसवला, आम्ही बघत उभे राहिलो. ठेवून गेलेल्या पाट्या त्याच दिवशी दळून झाल्या.

पुढं एसटीचे कंडक्टर शेडपाशी हाळी द्यायचे. "उस्ताद, जळकोट चालू हाय!" कधी दुसरा यायचा, "चालू हाय म्हणतीया बाई!" दस्तगीरसाब मान हलवायचे आणि कामाला लागायचे. ती शेड आता नाही. त्यांच्यानंतर मुलं दुसऱ्या धंद्याला लागली, लेथ भंगारवाल्यानं नेलं. मला ते घेता आलं नाही, याचं अजून वाईट वाटतं. छत्रीच्या काडीचं नख मात्र माझ्याकडं आहे आणि त्यानं आजही काम होतं.

पण त्या धनतेरशीचं सांगायचं राहिलंच. त्या दिवशी आम्ही दोघं जळकोटला गेलो. काम काही नव्हतं. घरी बसवेना, एवढंच. गिरणीपुढं ही रांग. आत इंजिनाचा असा दणका, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. अय्या आले, म्हातारे, काठी टेकत. शिवाप्पा त्यांना धरून दारापर्यंत घेऊन आला. अय्या काहीतरी म्हणाले. ओठ हललेले दिसले, शब्द कुणालाच कळला नाही. शिवाप्पा हात हलवत ओरडला, "वैनी, जरा बंद करा! अय्या बोलत्यात!"

नागम्मा पीठ धरत होती. तिनं ऐकलं आणि मान हलवली. नाही. शिवाप्पा परत ओरडला. तेव्हा ती पिठानं पांढरी झालेली दारात आली, अय्यांच्या पाया पडली आणि घशाच्या शिरा ताणून म्हणाली, "शरणू, अय्या! ही बंद पडती का न्हाय त्येच बघाय तुमी आलाव. मंग म्याच कशी बंद करू? बोलायचं तर लिंबाखाली बोला, मला दळान हाय!"

आणि आत गेलीसुद्धा. रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. अय्यांना असं कुणी बोलत नसे. अय्या घटकाभर काठीवर रेलून उभे राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. म्हातारा हसत होता. हसत हसतच ते लिंबाखाली जाऊन बाजेवर बसले, शेजारी शिवाप्पा, थोडं दूर आम्ही दोघं. टुक, टुक, टुक, इंजिन चाललंच होतं. दस्तगीरसाब डोळे मिटून नुसतं ऐकत होते.

मग अय्यांनी विचारलं, "शिवाप्पा, तुला काय म्हणायचं होतं रे?"

शिवाप्पानं गिरणीकडं बघितलं. रांगेकडं बघितलं. तोंडातलं पान थुंकून आला आणि म्हणाला, "काय न्हाय, अय्या."

तेवढ्यात एक म्हातारी डोक्यावर ज्वारीचं पोतं घेऊन धापा टाकत आली. शिवाप्पा उठला, पोतं तिच्या डोक्यावरून उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि दारात जाऊन ओरडला, "वैनी! हे कुठं ठिवू?"

अख्ख्या रांगेनं माना वळवल्या. नागम्मानं आतून बघितलं, जरा थांबली, आणि पिठाचा हात बाहेर काढून मागं दाखवला.

"रांगेत ठिवा, भावजी! म्हातारी मागनं आलीया!"

शिवाप्पानं पोतं नेऊन रांगेच्या शेवटी ठेवलं.